मगदूमबाईंची गावं

मगदूमबाई खेळात बहुतेक वेळा हरायच्या, आणि आपण हरलो हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात यायचं. आम्ही बाकीचे गुण मोजत असायचो तेव्हा बाई चष्मा कपाळावर सरकवून, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवून पटाकडे बघत असायच्या. डोळे अर्धे मिटलेले. समोर पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यांचं गाव. चार गल्ल्या, एक नदी, दोन बागा, कडेला कारखाना. "बाई, तुमचे एकतीस झाले," असं कुणी म्हटलं, की त्या नुसतं "असू देत की" म्हणायच्या आणि परत आत जायच्या. आत म्हणजे त्या गावात. तिथं त्यांचं काहीतरी काम राहिलेलं असायचं.

आमची ओळख ऑफिसातली. गावांचे, वसाहतींचे नकाशे मंजूर होणाऱ्या एका कार्यालयात मी नकाशे गिरवायच्या कामावर लागले, तेव्हा बाई तिथे मुख्य आरेखक होत्या. कोल्हापूरच्या चारी बाजूंनी शेतांचे प्लॉट पडत होते आणि त्यांचे कागद आमच्या टेबलांवरून जायचे. बाई ठेंगण्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल खुपसलेली. ती पेन्सिल शोधत त्या सगळं टेबल उलथंपालथं करायच्या आणि सगळं ऑफिस मजा बघत गप्प बसायचं. शेवटी शिपायालाच दया यायची.

नकाशात झाड म्हणजे एक वर्तुळ आणि आत चार रेघा. त्यासाठी ऑफिसात रबरी शिक्का होता. बाई तो वापरायच्या नाहीत. प्रत्येक झाड हातानं काढायच्या आणि एकासारखं दुसरं नसायचं. साहेब एकदा वैतागले, "बाई, एका नकाशाला चार दिवस? शिक्का मारा की!"

बाई मान वर न करता म्हणाल्या, "शिक्क्याच्या झाडाखाली कोण बसत न्हाय, साहेब."

साहेब हसले नाहीत, पण शिक्क्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

मला शिकवायची बाईंची पद्धतही तशीच होती. मी काढलेला नकाशा समोर ठेवायच्या, माझी तर्जनी धरून प्लॉट नंबर एकच्या दारात टेकवायच्या आणि म्हणायच्या, "आता हितनं चालत जा. हातात भाजीची पिशवी हाय, बरोबर सासूबाई हाईत. त्यांचं गुडघं दुखत्यात. चल." मी बोट सरकवायचे. रस्ता कुठे उगाच वळायचा, कुठे अर्ध्यात संपायचा. बोट अडलं की बाई म्हणायच्या, "बघ, म्हातारी हितंच बसली." आमच्याकडच्या बऱ्याच बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात, बाईही तशाच बोलायच्या. "मी रोज एक गाव फिरून येतो," असं त्या म्हणायच्या, आणि मला वाटायचं ते खरंच असावं. दुपारी डबा खाल्ल्यावर त्या खुर्चीत मागे रेलून बसायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, लांबून प्रवास करून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा एक शांत थकवा असायचा.

बाईंच्या आयुष्यातलं मोठं दुःखही त्याच टेबलावरून सुरू झालं.

त्यांचे थोरले भाऊ, बाबगोंडाआण्णा, हुपरीच्या बाजूला एका गावात शेती बघायचे. आईवडील लवकर गेल्यामुळे बाईंना आण्णांनीच वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. उंच माणूस, आवाज असा की जिन्यातून येतानाच कळायचं. एके दिवशी ते ऑफिसात आले. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा त्यांनी प्लॉट पाडायला काढला होता आणि योगायोगानं त्याचा नकाशा बाईंच्याच टेबलावर आला होता.

"कुसूम, तुझ्याकडंच कागद आलाय न्हवं? लई बरं झालं," म्हणत आण्णा स्टूल ओढून बसले.

बाईंनी बोट ठेवलं आणि चालायला लागल्या. बोट ओढ्याच्या कोपऱ्यापाशी थांबलं. वसाहतीत मोकळी जागा सोडावी लागते, ती आण्णांनी तिथं दाखवली होती.

"आण्णा, हितं चार महिनं पाणी असतंय."

"नियमात बसतंय का न्हाय, एवढं सांग."

"बसतंय."

"मग झालं की."

"पोरांनी खेळायचं कुठं? म्हाताऱ्यांनी बसायचं कुठं?"

"त्येंच्या घरच्यांनी बघावं. मी काय सगळ्या गावाचा मक्ता घेतलाय?"

बाईंनी नकाशा गुंडाळला, उठल्या आणि सगळ्यांसमोर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "ही माझ्या भावाची जमीन हाय. ह्यात मोकळी जागा नावाला सोडलीया. मी हा काढणार न्हाय, दुसऱ्याला द्या." आण्णा उठले. त्यांनी टोपी सारखी केली आणि काही न बोलता गेले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस गप्प गेला, हे मला त्या वेळीही भीतीदायक वाटलं होतं.

नकाशा दुसऱ्या टेबलावर गेला आणि नियमात बसत होता म्हणून मंजूर झाला. त्या वर्षी भाऊबीजेला बाई गावी गेल्या. त्या आल्याचं कळताच आण्णा मागच्या दारानं मळ्यात निघून गेले. वहिनींनी चहा दिला. बाई पाटापुढं निरांजनाचं ताट ठेवून तास-दीड तास बसल्या आणि शेवटच्या एसटीच्या आधीच्या एसटीनं परत आल्या. पुढे वर्षानुवर्षं बोलणं नाही. मला एकदाच म्हणाल्या, "मी चुकलो न्हाय, वंदना. पण ते घरात बोलायचं हुतं. ऑफिसात न्हवं."

त्या निवृत्त झाल्यावर हे खेळांचं वेड लागलं, आणि त्याला कारण माझी मुलगी. मीनल पुण्याला नोकरी करते. एका दिवाळीला ती एक खोका घेऊन आली. त्यात घरं, रस्ते, बागा छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे. प्रत्येकानं पाळीपाळीनं एकेक तुकडा लावायचा आणि गाव उभं करायचं. बाई फराळाला आल्या होत्या. "मी नुसतं बघतो," म्हणून बसल्या. दुसऱ्या पाळीला त्यांनी मीनलचा हात धरला. "अगं, कारखान्याला लागून घर? त्या बाईनं वाळत घातलेलं धुणं काळं न्हाय व्हायचं?"

मीनल चाट पडली. खेळाचा नियमच तसा होता. प्रत्येक तुकड्याची किंमत त्याच्या शेजाऱ्यावर ठरायची. कारखान्याशेजारच्या घराला गुण कमी, बागेशेजारच्या घराला जास्त. बाईंनी नियम न वाचता ओळखला होता.

"हे ज्यानं काढलंय, तो शहाणा हाय," बाई म्हणाल्या. "घर कसं हाय ह्यापेक्षा ते कुणाच्या शेजारी हाय, ते बघतोय."

तो खोका मीनल पुण्याला परत नेऊ शकली नाही.

मग जवाहरनगरातल्या बाईंच्या दोन खोल्यांत दर रविवारी दुपारी आमचा अड्डा जमू लागला. बाई, मी आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरचे सुतारमामा. मामा शिरोलीच्या एका फौंड्रीत लाकडी साचे करायचे. ज्या आकाराचा लोखंडी भाग हवा, त्या आकाराचा आधी लाकडात करायचा, असं त्यांचं काम. मीनल पुण्याहून नवे नवे खोके पाठवायची. त्यातले लढायांचे, राज्यांचे खोके बाई उघडून, हुंगून परत द्यायच्या. त्यांना फक्त गावं वसवायची असायची. एका खेळातली लाकडी घरं हरवली, तर मामांनी सागवानाच्या तुकड्यांतून बारा घरं करून आणली. ती पटावरच्या चौकोनांत मावेनात. मामा ओशाळले. "सवय ओ बाई. ओतल्यावर लोखंड आकसतंय, म्हणून आम्ही साचा जरा मोठाच करतो."

"ऱ्हाऊ देत," बाई म्हणाल्या. "माणसं वाढत्यात घरात." आणि त्यांनी दोन रात्री जागून नव्हे, दोन दुपारी बसून नवा मोठा पट काढला. त्यातलं प्रत्येक झाड अर्थातच वेगळं होतं.

बाईंच्या खिडकीतून पश्चिमेचं ऊन यायचं. ते टेबलावरून सरकत जायचं आणि आमचं घड्याळ तेच. बाई जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या. "ऊन नदीवर आलं, आता आवरा," म्हणायच्या. खायला बिनलसणाचं भडंग असायचं, आणि खेळाच्या मधे ते खाल्लं तर त्या हात धुवायला पाठवायच्या. "गावात तेलकट हातानं यायचं न्हाय."

नियमांवर त्यांचा जीव होता. एका खेळात हातात पत्ते यायचे. त्यातला एक ठेवून बाकीचे डाव्या हाताच्या शेजाऱ्याला द्यायचे. बाई फार वेळ लावायच्या. मामा कुरकुरायचे. मी त्यांच्या डावीकडे बसायचे, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्त्यांत दर वेळी एक तरी बाग असायचीच. माझं नशीब म्हणून मी ते कित्येक महिने खुशीत घेत राहिले. एकदा त्यांच्या हातातले पत्ते चुकून दिसले, तेव्हा कळलं.

"बाई, तुम्ही बाग माझ्यासाठी मुद्दाम सोडता?"

"तुझ्याकडं बाग झाली, तर वारा माझ्याकडंच येतोय की."

दुसऱ्या एका खेळात एकानं 'वीट' म्हटलं, की सगळ्यांनी आपापल्या गावात वीट ठेवायची. गरज असो नसो. मामा हटकून 'दगड!' ओरडायचे आणि माझ्या गावात नको तिथं दगड येऊन बसायचा. मी चिडायचे. बाई मात्र तो दगड चिमटीत धरून बराच वेळ फिरवत बसायच्या. "दुसऱ्यानं मागितलेलं आपल्यालाबी ठेवून घ्यायला लागतंय. गाव असंच असतंय बघ. आपल्याला पाहिजे तेवढंच मागवता आलं असतं, तर तो बंगला झाला असता."

आणि गुण मोजायच्या आधी फिरायला जायचं. हा बाईंचा स्वतःचा नियम होता, कुठल्याच खोक्यात छापलेला नव्हता. प्रत्येकानं आपल्या गावात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट चालवायचं आणि काय दिसतंय ते सांगायचं. पहिल्यांदा आम्हाला लाज वाटली. मग सवय झाली, आणि मग रविवारची वाट त्यासाठीच बघू लागलो. टेबलावर तिरपं ऊन, रस्त्यावर एखादी रिक्षा, आणि बाईंचा हळू आवाज, "हितं पाण्याची टाकी हाय. खाली दोघी बोलत उभ्या हाईत. घागरी भरून वाहायला लागल्या तरी कळंना झालंय..." त्यांचं बोट इतकं सावकाश चालायचं, की ते चालतंय हे कळायचं नाही. एकदा मामा त्यांच्या गावातून जाताना मधेच थांबले आणि म्हणाले, "हितं मी ऱ्हाईन. वरच्या मजल्यावर. खाली पोराचं दुकान." मामांचा मुलगा दुबईला होता आणि चार वर्षं आला नव्हता. बाईंनी आपल्या हातातलं एक झाड उचलून त्या घरासमोर ठेवलं. नियमात ते बसत नव्हतं.

बाईंना सर्वांत आवडणारा खेळ होता तो दोघांच्या मधल्या गावाचा. त्यात आपलं असं गाव नसतंच. डावीकडच्या शेजाऱ्याबरोबर मिळून एक गाव, उजवीकडच्याबरोबर एक. शेवटी आपल्या दोन गावांतलं जे कमी पडलं, त्याचेच गुण आपले. एकाशी गोड आणि दुसऱ्याशी वाईट वागून चालायचं नाही. हा नियम मीनलनं फोनवर समजावून सांगितला, तेव्हा बाईंनी तो तिच्याकडून दोनदा सांगून घेतला.

मग एका सकाळी त्यांच्या भाच्याचा, आण्णांच्या मुलाचा, फोन आला. आण्णांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जिवावरचं टळलं, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. उपचारांसाठी त्यांना कोल्हापुरात भाच्याच्या घरी आणलं होतं. "आत्या," भाचा म्हणाला, "डॉक्टर म्हणत्यात, बोटांना बारीक काम पाहिजे. चिमटीत काहीतरी धरायचं, उचलायचं, ठेवायचं. पण बाबा कुणाचं ऐकंनात. चिडत्यात, रडत्यात."

बाई माझ्याकडे आल्या, काखेत खोका. "तू चल माझ्याबरोबर. मी एकटा गेलो, तर दारातनं माघारी येईन."

आण्णांना ओळखायला मला वेळ लागला. तो उंच माणूस उशांच्या आधारानं बसवलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. बाईंना बघताच त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. बाईंनी पलंगावर पाट ठेवला, त्यावर पट मांडला आणि त्या समजावून सांगू लागल्या, जसं मला सांगायच्या तसंच. दोघांसाठी त्यांनी नियम थोडा बदलला होता. दोघांच्या मधे एकच गाव, घरांची मोजणी वेगळी, बागांची वेगळी. दोन्हींतला जो आकडा कमी, तोच दोघांचा; तो ठरलेल्या आकड्याच्या खाली राहिला, तर दोघंही हरले. "आण्णा, तू ठेवतोस का मी तुझी पाळी खेळू?"

आण्णांनी डाव्या हातानं पट उधळून दिला. सगळं गाव फरशीवर. बाई खाली बसल्या आणि एकेक तुकडा गोळा करू लागल्या. एक पलंगाखाली गेला होता, तो मी काढून दिला. रिक्षात त्या रडल्या आणि उतरताना म्हणाल्या, "उद्या तीनला जातो परत."

त्या रोज तीनला गेल्या. कितीतरी दिवस त्यांनी दोघांच्याही पाळ्या एकटीनं खेळल्या. आण्णा भिंतीकडे तोंड करून असायचे, पण बाई म्हणायच्या, त्यांचे कान इकडेच असतात. एके दिवशी बाईंनी आण्णांच्या पाळीला एक घर नदीत ठेवलं. चुकून की मुद्दाम, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आण्णांच्या घशातून आवाज आला. मान वळली. उजवा हात चादरीवरून ओढत ओढत आला, बोटं घराला लागली, निसटली, परत लागली. दहा मिनिटं गेली. घर नदीतून काठावर आलं.

पुढे मी अधूनमधून जायचे. आण्णा खेळायचे आणि खेळताना अगदी जुने आण्णा व्हायचे. घरांवर घरं. जिथं जागा दिसेल तिथं घर. बागांचा आकडा कमी पडायचा आणि दोघंही हरायचे. बाई "हरलो की रं, आण्णा," म्हणायच्या आणि परत तुकडे मिसळायच्या. त्या दिवशी मी तिथं होते. आण्णांच्या हातात बागेचा तुकडा आला होता. मधोमध एक छान जागा रिकामी होती. आण्णांनी तो तुकडा चिमटीत धरला, हात थरथरत पटावरून नेला, मधल्या जागेवर क्षणभर थांबवला, आणि पार कडेला, पाण्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

बाई बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. असं हसू मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं, पदरात तोंड धरून, डोळ्यांतून पाणी. "अजून कोपऱ्यातच ठेवतोयस की रं!"

आण्णांचं तोंड वेडंवाकडं झालं. ते हसत होते. मग त्यांनी ओठ जुळवले, एकदा, दोनदा, आणि आवाज आला. "बे... बेडकं."

भाचा धावत आत आला. गेल्या कित्येक दिवसांत कळण्यासारखा तो पहिलाच शब्द होता. त्याला काही अर्थ लागेना. बाईंनी आण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. "आमची आई गेली त्या पावसाळ्यात," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी सारखा रडायचो. तवा आण्णा मला ओढ्याच्या त्या कोपऱ्यावर न्यायचा, बेडकं दाखवायला. म्हणायचा, रडू नगंस, ही बघ किती हाईत." आण्णा मान हलवत होते. आपलं म्हणणं कुणाला तरी कळलं याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. नकाशाबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

हात पूर्ण सुधारला नाही, पण आण्णा भिंतीला धरून चालू लागले आणि गावी जायचा हट्ट धरून बसले. वहिनी थकल्या होत्या. बाईंनी आठवडाभरात जवाहरनगरच्या खोल्या आवरल्या. मी म्हटलं, "इथलं सगळं सोडून?" तर म्हणाल्या, "त्येची पाळी आली, की शेजारी कुणीतरी पाहिजे की."

त्यानंतर आमचं फोनवर बोलणं व्हायचं. जाईन जाईन म्हणत माझं गावी जाणं राहिलं. गेल्या थंडीत बाई गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. आण्णा आहेत. भाचा सांगतो, शब्द आता बरेच येतात.

मला बाई दिसतात त्या स्टँडवर. मी त्यांना हुपरीच्या गाडीत बसवायला गेले होते. सामान टेम्पोनं पुढे गेलेलं, मांडीवर फक्त एक खोका. गाडी सुटायला वेळ होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर हुपरीच्या चांदीकामातल्या पैंजणांच्या घुंगरांची कापडी पिशवी. बाईंनी खोक्याचं झाकण उलटं करून मांडीवर ठेवलं होतं आणि त्यात काहीतरी मांडत होत्या. म्हातारी वाकून बघायला लागली.

"काय ओ बाई ह्ये?"

"गाव हाय."

"कुणाचं?"

"अजून झालं न्हाय. तुम्ही एक ठेवा की."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. हात पदराला पुसला आणि एक तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. "ह्येच्यात शाळा हाय," ती म्हणाली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडीनं गचका खाल्ला. झाकणातले तुकडे एका बाजूला घसरायला लागले. दोघींनी एकदमच चारी हात पुढे केले आणि झाकण धरलं. गाडी फाटकातून वळली तेव्हा मी हात हलवत होते. खिडकीत दोन पांढरी डोकी खाली वाकलेली होती, आणि म्हातारी काहीतरी विचारत होती.